माझ्या पायाशी लिहिलेले नाव

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याचे वरचे पेर जेवढे असते, तेवढीच माझी उंची. कथील आणि शिसे वितळवून ओतलेला मी एक जुना निशाणदार आहे. अंगात निळा कोट, डोक्यावर उंच टोपी, पायात काळे बूट आणि हातात माझ्याहूनही उंच झेंडा. ज्या पलटणीचा मी शिपाई आहे, ती दोनशे वर्षांपूर्वी खऱ्या चिखलात लढली म्हणतात. मी मात्र फक्त टेबलावर लढलो. फासे वाईट पडले की मी मरत असे आणि खेळ संपला की मला उचलून पुन्हा डब्यात ठेवत. मरण्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची. ती आज तुम्हाला सांगून टाकतो.

नॉटिंगहॅममध्ये, जिथे पूर्वी लेस विणत असत अशा एका विटांच्या इमारतीच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. रबराचा गोल साचा गरगर फिरत असे आणि त्यात वितळलेला धातू ओतत. तो धावत जाऊन कुणाच्या बोटात, कुणाच्या टोपीच्या तुऱ्यात शिरे. साचा उघडला तेव्हा माझ्या नाकाला धातूचा एक बारीक पापुद्रा चिकटलेला होता. तसाच मला पाकिटात घातले. दुकानातून मला विकत घेतले ते इल्केस्टनच्या नेव्हिल ऑर्टन नावाच्या पोस्टमनने.

नेव्हिलला लढायांचा भारी नाद. कुठल्या टेकडीवर कुठली तोफ होती ते तो झोपेतही सांगू शकला असता. पण त्याची बोटे जाडजूड, पत्रे टाकून टाकून राठ झालेली. आमच्यातला पहिला शिपाई त्याने स्वतः रंगवला आणि मोठ्या आशेने बहिणीपुढे धरला. बहिणीचे नाव ग्लेनिस. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि शनिवारी दुपारी भावाकडे यायची.

"नेव्हिल, हा शिपाई आहे की जॅममध्ये पडलेली माशी?"

"हसू नकोस. लांबून बरा दिसतो."

"किती लांबून? डर्बीहून?"

नेव्हिल फुगून बसला. ग्लेनिसने बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "सरक. दे इकडे तो ब्रश."

तिने आयुष्यात कधी असले काही रंगवले नव्हते. केकवर साखरेची फुले काढायची तेवढाच सराव. पण त्या हिवाळ्यात दर शनिवारी तिने आमची सगळी पलटण रंगवली. आधी बारीक कानशीने माझ्या नाकावरचा पापुद्रा काढला. मग पांढरा हात दिला. मग निळा. एक गडद, त्यावर थोडा फिका, त्यावर आणखी फिका, आणि घड्यांच्या कडांना इतका फिका की माझ्या कोटावर खरोखर आभाळाचा उजेड पडल्यासारखा वाटावा. ती रंगवत असताना श्वास रोखून धरी आणि मधूनच फुस्स करून सोडी. तो गरम श्वास माझ्या तोंडावर येई. मला आठवतो तो.

नेव्हिल तेव्हा शेजारी बसून लढायांची पुस्तके वाचत असे, आणि त्याच्या चहावर साय धरत असे. "नेव्हिल, चहा!" ग्लेनिस ओरडे. "हं," नेव्हिल म्हणे आणि पान उलटी. शेवटी एका शनिवारी तिने माझ्या झेंड्याच्या खालच्या काठावर, जिथे जरीची नक्षी असायची, तिथे सोनेरी रंगात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिले: नेव्हिल, तुझा चहा गार होतोय. नुसत्या डोळ्यांना ती नक्षीच वाटे. नेव्हिलला ते सापडायला महिना लागला. सापडले तेव्हा तो इतका हसला की टेबल हलले आणि अर्धी पलटण आडवी झाली.

पुढची बरीच वर्षे मी नेव्हिलच्या टेबलावर झेंडा धरून उभा राहिलो. मग एका फेब्रुवारीत नेव्हिल वारला. त्याची बायको पॉलिन मुलीकडे राहायला निघाली. घर आवरताना तिने आम्हाला बुटांच्या खोक्यात भरून एका माणसाला देऊन टाकले. तिला राग करावा असे काही नव्हते. तिला आम्ही नवऱ्याची खेळणी वाटत होतो. ग्लेनिस आठ दिवसांनी आली आणि तिने विचारले, "ते निळे शिपाई कुठे आहेत?" हे मला फार नंतर कळले. मी तोवर न्यूअर्कच्या जत्रेत, एका टेबलावर, इतर फुटकळ वस्तूंत उभा होतो.

तिथे मला उचलले सेड्रिक टॅन्सलीने.

सेड्रिक बीस्टनचा. आयुष्यभर सायकलच्या कारखान्यात चाके सरळ करायचे काम केलेला माणूस. चाक फिरवायचे आणि त्यात केसभर वाक असला तरी नुसत्या नजरेने ओळखायचे, हा त्याचा हातखंडा. निवृत्त झाल्यावर ती नजर त्याने आमच्यासारख्यांना रंगवण्यात लावली. बीस्टनच्या क्लबमध्ये दर नोव्हेंबरात रंगकामाची स्पर्धा होई आणि चषक सेड्रिककडे जाई. एकदा नाही, नऊ वेळा. भिंतीवरच्या लाकडी फळीवर त्याचे नाव एकाखाली एक कोरलेले होते.

पण गेली दोन वर्षे त्याच्या नजरेला काहीतरी झाले होते. सरळ रेषा त्याला वाकडी दिसे. जिथे बघावे तिथेच, मधोमध, एक धुरकट डाग येई. हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते. डॉक्टरला नाही, बायकोला नाही. मला विकत घेतानाही त्याने मला डोळ्यांसमोर धरले नाही. मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, कोंबडी दाणा बघते तसे बघितले. तरी त्याला माझा निळा दिसला.

"हे कुणी केलंय?" त्याने दुकानदाराला विचारले.

"कुणास ठाऊक. खोकं आलं होतं. तीन पौंड दे आणि घेऊन जा."

मित्रांनो, सेड्रिकने मला फसवण्यासाठी विकत घेतले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. त्याला मी आवडलो म्हणून त्याने घेतले. घरी त्याने मला दिव्याखाली ठेवले आणि शेजारी स्वतःचा एक शिपाई रंगवायला घेतला. त्याचा ब्रश शिपायाच्या डोळ्यावर जाण्याऐवजी गालावर गेला. त्याने पुसले. पुन्हा गालावर गेला. असे किती दिवस चालले! शेवटी त्याने तो शिपाई रंग उतरवायच्या बरणीत टाकला आणि नुसता माझ्याकडे, म्हणजे माझ्या थोडे शेजारी, बघत बसला.

त्याच वेळी क्लबचा चिटणीस माल्कम बर्किन वर्गणीच्या पावत्या घेऊन आला. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा, मनाने भाबडा माणूस. त्याने टेबलावर मला पाहिले आणि तो जागीच थांबला.

"बाप रे, सेड्रिक! हे काय करून बसलायस तू!"

सेड्रिकने त्याच्यासाठी खुर्ची सरकवली.

"आम्ही मागे म्हणत होतो, म्हातारा दोन वर्षं झाली काही दाखवत नाही, संपला बहुतेक. आणि तू हे करत होतास? लेका, हा निळा कसला रे! यंदा तर आम्ही बाकीच्यांनी घरीच बसावं."

आता सेड्रिकने तोंड उघडले. मला वाटले, तो म्हणेल, अरे, हा माझा नाही. ते शब्द त्याच्या ओठापर्यंत आलेले मी पाहिले. पण तो म्हणाला, "चहा घेणार का?"

एवढेच. खोटे असे त्याने काहीच सांगितले नाही. आणि माझे काय, विचाराल तर मीही खूश होतो. इतक्या महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे बघून बाप रे म्हणाले होते. ज्या बाईचा श्वास माझ्या तोंडावर येई, ती त्या क्षणी मला आठवलीसुद्धा नाही.

नोव्हेंबरात चर्चमागच्या हॉलमध्ये स्पर्धा झाली आणि दहावा चषक सेड्रिकला मिळाला. मला काचेच्या कपाटात उभे केले. पायाशी एक चिठ्ठी लावली: रंगकाम, सेड्रिक टॅन्सली. टाळ्या वाजल्या. मी छाती काढून उभा होतो. तशी ती ओतलेलीच पुढे काढून आहे, पण त्या दिवशी ती मला माझी स्वतःची वाटली.

मग सेड्रिकची खरी पंचाईत सुरू झाली. जो तो त्याला गाठून विचारी.

"निळ्यावर निळा चढवलास, तो मधे सुकू दिलास का ओल्यातच?"

"सावकाश," सेड्रिक म्हणे.

"पण पाणी किती घातलंस?"

"सावकाश घालायचं."

लोक माना डोलवत. काहींनी तर ते लिहूनही घेतले. सेड्रिक मग चहाचे कप विसळायला निघून जाई. वर्षभर त्या हॉलमधले कप सेड्रिकने जेवढे विसळले तेवढे कुणी विसळले नसतील.

पुढच्या शरद ऋतूत एका रविवारी दुपारी क्लबात एक नवी बाई आली. केस पिकलेले, हातात कापडी पिशवी. भावाचे शिपाई शोधत ती जत्रांमधून हिंडत होती. बरेच जण बीस्टनच्या लोकांनी घेतले, असे तिला कुणीतरी सांगितले होते. ती होती ग्लेनिस ऑर्टन.

मला ते ठाऊक नव्हते. स्पर्धेच्या दिवसाखेरीज आमचे कपाट आतल्या अंधाऱ्या खोलीत कुलपात असे. बाहेरचे नुसते आवाज ऐकू येत. त्या आवाजांत सेड्रिकचा आवाज मी ओळखत असे. "इथे बसा, हीटरजवळ. त्या दारातून वारा येतो." आणि एक बाईचा आवाज, "उकडलेले वाटाणे आणलेत. पुदिन्याची चटणी घालून खा, नाहीतर घशाखाली उतरणार नाहीत." ते दोघे हसत. सेड्रिक वर्षभरात तसा हसला नव्हता.

नोव्हेंबर आला. आमचे कपाट बाहेर आणून दाराशेजारी ठेवले. सेड्रिकने यंदा भाग घेतला नव्हता. ग्लेनिसने मात्र, माल्कमनेच आग्रह केला म्हणून, एक नवा ढोलवाला रंगवून आणला होता. माझ्याच पलटणीचा, माझ्याच निळ्या कोटाचा. तिने तो टेबलावर ठेवला. माल्कम वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला.

"बाई, हा कुणाकडून रंगवून घेतलात?"

"कुणाकडून म्हणजे? मीच रंगवलाय."

"नाही, तसं नाही... म्हणजे बघा, हा निळा सेड्रिकचा आहे. सगळा क्लब ओळखतो. त्याने दिला असेल तुम्हाला, तर तसं सांगा, हरकत नाही. फक्त स्पर्धेत ठेवता येत नाही."

"हा निळा माझा आहे," ग्लेनिस म्हणाली. "अठरा वर्षं झाली, माझा आहे."

"आता रंगावरही मालकी हक्क!" मागून कुणीतरी म्हणाले. लोक हसले.

ग्लेनिस त्या आवाजाकडे वळली आणि वळता वळता तिची नजर कपाटावर गेली. ती जवळ आली. काचेवर तिचा श्वास उमटला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "नेव्हिलचा निशाणदार." मग तिने माझ्या पायाशी लिहिलेले नाव वाचले. दोनदा वाचले असावे.

"हा मी रंगवलाय," ती मोठ्याने म्हणाली. "याच्याखाली सेड्रिकचं नाव कसं?"

माल्कमचे कान लाल झाले. "सेड्रिक, अरे सांग ना यांना. गप्प काय उभा राहिलास?"

सेड्रिकने तो ढोलवाला हातात घेतला होता. काहीतरी करायला हवे म्हणून तो त्याला न्याहाळत होता. आणि तसाच, खाली मान घालून, तो म्हणाला, "बाईंची काहीतरी गफलत होतेय. एका साच्यातून शेकडो निघतात."

मित्रांनो, यापुढचे मी नीट सांगतो, कारण ते फक्त आम्ही दोघांनी पाहिले, मी आणि ग्लेनिसने. ती रागाने पांढरी झाली होती. बोलायला तिने तोंड उघडले होते. झेंड्याचा काठ वाचा, एवढे म्हटले असते तरी पुरे होते. पण तिची नजर सेड्रिकच्या हाताकडे गेली. त्याने ढोलवाल्याची पाठ स्वतःकडे धरली होती आणि तो त्याचे तोंड बघितल्यासारखे करत होता.

ग्लेनिसने तोंड मिटले. ती पुढे गेली, त्याच्या हातातून ढोलवाला हळूच घेतला आणि पिशवीत ठेवला. कोट घातला. दाराशी सेड्रिक, नेहमीच्या सवयीने, तिची छत्री घेऊन उभा होता. छत्री घेताना ती त्याला एकट्याला ऐकू येईल असे म्हणाली, "झेंड्याच्या खालच्या काठावर काय लिहिलंय, ते घरी कुणाकडून तरी वाचून घ्या."

मग ती गेली. तिच्यामागे कुणी गेले नाही. "बिचारी," कुणीतरी म्हणाले, "या वयात होतं असं." चषक त्या वर्षी एका घोडेस्वाराला मिळाला. कपाटातली माझी जागा त्याने घेतली आणि सेड्रिकने मला रुमालात गुंडाळून घरी नेले.

घरी ऑड्री, त्याची बायको, भिंग घेऊन शब्दकोडे सोडवत बसली होती. बाहेर नुकते अंधारून येत होते. सेड्रिकने कोटही काढला नाही.

"ऑड्री, जरा हे बघ. झेंड्याच्या खालच्या काठावर काही आहे का?"

"तूच रंगवलायस ना? मग तुला ठाऊक नको?"

"बघ तर."

ऑड्रीने भिंग उचलले. भिंगातून तिचा मोठा झालेला डोळा माझ्या झेंड्याकडे येत होता, आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट त्या क्षणी घडली. मला वाटले, ती अक्षरे पुसून गेलेली असावीत. रंग उडालेला असावा. ज्या बाईने मला डोळे दिले, तिची माझ्या अंगावर राहिलेली एकुलती एक खूण नाहीशी झालेली असावी, असे मला वाटले. का, तर कपाटातली जागा पुन्हा मिळावी म्हणून.

पण रंग पक्का होता.

"ने... व्हिल... तुझा चहा..." ऑड्री वाचू लागली. "नेव्हिल, तुझा चहा गार होतोय." ती खळखळून हसली. "हे काय रे? नेव्हिल कोण?"

सेड्रिक कोटासकट समोरच्या खुर्चीत बसला. ऑड्रीचे हसू हळूहळू विरले. तिने मला खाली ठेवले.

"हा तू रंगवलेला नाहीस."

"नाही."

"आणि हे इथलं तुला दिसत नाहीये."

"काठ दिसतो. अक्षरं नाही दिसत. मधे एक डाग येतो." तो थांबला. "तुझ्या तोंडावरही येतो. कान दिसतात तुझे. केस दिसतात."

"कधीपासून?"

"झाली साडेतीन वर्षं."

"साडेतीन वर्षं! आणि गेल्या मंगळवारी तू मला गाडीने लेस्टरला नेलंस!"

"सावकाश नेलं."

ऑड्री उठली, खुंटीवरच्या गाडीच्या चाव्या काढल्या आणि आपल्या खिशात टाकल्या. मग ती त्याच्यासमोर इतकी जवळ येऊन बसली की तिचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना लागले. तिचे डोळे भरले होते. ते त्याला दिसत नाहीत हे आठवून तिने ते पुसलेही नाहीत.

"डोळ्यांचं आपण उद्या बघू," ती म्हणाली. "मला आधी सांग, हा रंगवला कुणी?"

सेड्रिकने सगळे सांगितले. हीटरजवळची खुर्ची, वाटाणे, गफलत हा शब्द, सगळे. ऑड्रीने ते ऐकून घेतले. शेवटी एवढेच म्हणाली, "तिच्याशी तू असं वागलास? तिला हसले ना रे सगळे."

दोन दिवसांनी सेड्रिक मला आणि चषकाला घेऊन इल्केस्टनला गेला. बसचा नंबर दिसत नव्हता, तो त्याने पहिल्यांदाच परक्या माणसाला विचारला. ग्लेनिसने दार उघडले, पण त्याला आत ये म्हटले नाही.

"मी खोटं बोललो," सेड्रिक म्हणाला. "हा तुमचा. आणि हा चषकही तुमचाच."

"चषक घेऊन काय करू? त्यात सोललेले बटाटे ठेवू?"

"मला माफ करा, बाई. माझे डोळे..."

"डोळ्यांचं मला तिथेच कळलं. म्हणून तर गप्प बसले मी. नाहीतर तुमची तिथेच शोभा झाली असती." ती उंबऱ्यापर्यंत पुढे आली. "पण जिभेला काय झालं होतं तुमच्या? वर्षभर हा तिथे उभा आहे. मी त्याला गावोगाव शोधतेय, आणि तुम्ही दर रविवारी माझे वाटाणे खाताय."

सेड्रिकने विचारले, "सांगा, मी काय करू?"

"पन्नास माणसांत तुम्ही म्हणालात, बाईंची गफलत होतेय. ते असं दारात उभं राहून पुसलं जात नाही. जिथे म्हणालात, तिथे जाऊन सांगा."

"मला नाही जमणार ते."

"मलाही त्या दिवशी सगळ्यांसमोरून कोट घालून दारापर्यंत चालत जायला जमणार नव्हतं. गेले ना?" तिने मला हातात घेतले. अंगठ्याने माझ्या टोपीवरची धूळ पुसली. वाटले, आता ती मला ठेवून घेईल. पण तिने मला परत त्याच्या हातात दिले. "रविवारी याला तिथे घेऊन या. मी तिथून नेईन."

रविवारी हॉल भरलेला होता. ऑड्री सेड्रिकबरोबर आली होती. त्याने एका खोक्यात आधीचे नऊ चषक जिंकलेले आपले शिपाईही आणले होते. दाखवायचे होते का काय, कोण जाणे. तो टेबलापाशी उभा राहिला, मला पुढे ठेवले आणि सांगितले. चार वाक्यांत सांगितले. हा मी रंगवलेला नाही. ग्लेनिस ऑर्टनने रंगवला आहे. मला दीड वर्ष ठाऊक होते की हा माझा नाही. मागच्या रविवारी त्या खरे बोलत होत्या आणि मी खोटे.

कुणी ओरडले असते तर बरे झाले असते. खुर्च्या कुरकुरल्या. ज्यांनी त्याचे ते 'सावकाश' लिहून घेतले होते, ते जमिनीकडे बघत होते. माल्कमचा मोठा आवाज पार बारीक झाला होता. तो भिंतीवरच्या फळीकडे वळून म्हणाला, "आणि आधीचे?"

"ते माझे आहेत."

"हं," माल्कम म्हणाला.

"माल्कम, ते माझे आहेत. नऊही."

"आता कसं सांगायचं रे कुणी?" माल्कम म्हणाला. त्यात राग नव्हता. तो खरोखर विचारत होता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते. सेड्रिकने खोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला. त्याच्याजवळ आता कसलाही पुरावा नव्हता. एका खोट्याने त्याचे नऊ खरे खाऊन टाकले होते.

तेव्हा दाराजवळून आवाज आला. "ते खोकं इकडे द्या."

ग्लेनिस कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिने कोट न काढताच खुर्ची ओढली, ऑड्रीकडून भिंग मागून घेतले आणि खोक्यातला एकेक शिपाई उचलून बघू लागली. घाई नाही. पहिला बघितला, ठेवला. दुसरा बघितला, ठेवला. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. त्या सगळ्या जाणत्या माणसांत दुसऱ्याचा हात ओळखू शकेल असे त्या दिवशी तीच एक होती.

"माझा हात वेगळा आहे," नववा ठेवून ती म्हणाली. "मी उजेड वरून पडल्यासारखा दाखवते. हे सगळे डावीकडून उजळलेत, खिडकीशेजारी उभे असल्यासारखे. नऊच्या नऊ. एकाच माणसाचे आहेत, आणि ते माझे नाहीत." तिने एका करड्या घोड्याला पुन्हा उचलले. "या घोड्याचा डोळा बघा. ओला दिसतो. मला हे आजवर जमलेलं नाही."

माल्कमने सुस्कारा सोडला. कुणीतरी सेड्रिकच्या पाठीवर हात ठेवायला गेले. पण ग्लेनिसचे बोलणे संपले नव्हते. ती सेड्रिककडे वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "एवढं येत होतं तुम्हाला. आणि तरी माझं घेतलंत."

सेड्रिकने मान हलवली. पाठीवर यायला निघालेला हात मागे गेला.

मला रुमालात गुंडाळून तिने पिशवीत ठेवले. दहावा चषक माल्कमने तिला देऊ केला आणि तोंडभरून माफीही मागितली. माफी तिने घेतली. चषक पुढच्या वर्षी जिंकले तर नेईन म्हणाली, आणि पुढच्या वर्षी जिंकून नेला.

आता मी इल्केस्टनला तिच्या खिडकीत असतो. पलटणीतले सापडलेले शिपाई माझ्या मागे उभे आहेत. अजून बरेच सापडायचे आहेत. ग्लेनिस रविवारी क्लबात जाते आणि येऊन मला तिथले सांगते, पूर्वी नेव्हिलला सांगत असावी तसे. सेड्रिक त्या हिवाळ्यात फिरकला नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेले परत यायचे नाही, उरलेले जपू. वसंतात तो पुन्हा येऊ लागला. आता तो रंगवत नाही, नुसता खेळतो. फासे टाकतो आणि समोरच्याला विचारतो, "किती पडले?" समोरचा जे सांगेल ते त्याला मानावे लागते. त्याची आणि ग्लेनिसची पूर्वीसारखी गट्टी जमलेली नाही. पण हीटरजवळच्या खुर्चीत ती बसते, आणि ती येईपर्यंत सेड्रिक तिथे कुणाला बसू देत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या तरी हातच्या वस्तू असतील. रंगवलेल्या, विणलेल्या, कोरलेल्या. त्या खोक्यात भरून देऊन टाकण्याआधी घरात एकदा विचारा की हे केले कुणी होते. आणि कुणी तुमचे कौतुक करू लागले आणि ते तुमचे नसले, तर त्याला पहिल्याच वाक्याला थांबवा. दुसरे वाक्य फार गोड लागते. मी ते चाखले आहे. माणसे येतात, खिडकीतून मला उचलतात आणि वा म्हणतात, तेव्हा आजही मला मान खाली घालावीशी वाटते. पण मी धातूचा आहे, माझी मान वाकत नाही. त्या दिवशी काचेच्या कपाटात मला बोलताही आले नाही. तुम्हाला बोलता येते.